आठामागे एक

मी तेवीस वर्षं पनवेलच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि त्यातलं जेमतेम एक वर्ष आपण खरंच काही करतोय असं मला वाटलं. ते वर्ष मी स्वतःच्या हातानं संपवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

साल १९८७. त्या साली जगभरच्या भौतिकवाल्यांना एका काळ्या खापरीनं वेड लावलं होतं. लँथॅनम, बेरियम आणि तांबं यांच्या भुकट्या एकत्र खलून भट्टीत भाजायच्या, वडी पाडायची, ती भरपूर थंड करायची, की वीज तिच्यातून काहीही न गमावता धावत राहते. अतिवाहक म्हणतात त्याला. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत माझी जुनी मैत्रीण चारुता होती. ती म्हणाली, शशिकला, नमुने तू कर, ते थंड करून मोजायला द्रव हेलियमची पाळी मी मिळवून देते. मला तेवढंच हवं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत कमळाकर नावाचा शिपाई होता. माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठा, पळस्प्याच्या पलीकडच्या गावचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. खलायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. एकेका नमुन्याला तीन तीन तास, तेही तीनदा. माझ्या मनगटाला जे झेपत नव्हतं ते तो बोलत बोलत करायचा.

हे सगळं कशासाठी, असं त्यानं एकदा विचारलं. मी सांगितलं. या पदार्थात तांब्याचे अणू थराथरानं बसलेले असतात आणि प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. एकाचं तोंड वर, शेजाऱ्याचं खाली, त्याच्या शेजाऱ्याचं पुन्हा वर. इतकी कडक शिस्त असली की वीज हलत नाही. मग लँथॅनमच्या जागी थोडं बेरियम घालायचं. शिस्त मोडते, पण चुंबक गप्प बसत नाहीत, ते थरथरत राहतात, आणि त्या थरथरीमुळेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळत असाव्यात अशी काही जणांची अटकळ होती. बेरियम कमी पडलं तर काहीच घडत नाही, जास्त झालं तर जुळलेलं मोडतं. कमळाकर म्हणाला, मग हे कालवणातल्या मिठासारखंच झालं. पुढे कित्येक वर्षं मी वर्गात हेच उदाहरण दिलं, त्याचं नाव न घेता.

नवीन पनवेलला सिडकोच्या दोन खोल्यांत मी एकटी राहत होते. आई गेल्यापासून शनिवार दुपार ते सोमवार सकाळ मी बोलले तर फक्त भाजीवालीशी. स्टाफरूममध्ये बायका मुलांच्या बारावीबद्दल बोलायला लागल्या की मी वह्या तपासल्याचं सोंग करायची. भट्टी सुरू झाल्यावर मात्र रविवारीही कॉलेज उघडायला निमित्त मिळालं. भट्टी तापेपर्यंत कमळाकर आणि मी बाकावर बसून त्याच्या बायकोनं, सखूबाईनं, दिलेली तांदळाची भाकरी खायचो. तो मिठागराच्या गोष्टी सांगायचा. मध्येच विचारायचा, एक चुंबक थरथरला तर शेजारच्याला कसं कळतं? एम.एस्सी.ला माझ्या वर्गात कुणी इतकं बरं विचारलं नव्हतं. मी त्या दिवसांत सुखी होते. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

पाच नमुने केले. पहिल्यात दर वीस तांब्यांमागे एक बेरियम, दुसऱ्यात दहामागे एक, तिसऱ्यात आठामागे एक, आणि पुढचे दोन आणखी दाट. अपेक्षा सोपी होती. अतिवाहकता ज्या तापमानाला सुरू होते त्याचा आलेख टेकडीसारखा चढणार, मधल्या नमुन्यांशी माथा गाठणार आणि उतरणार. डिसेंबरात मुंबईला पाळी मिळाली. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, चारही शहाण्यासारखे वागले. तिसरा, माथ्यावरचा, सपशेल मेला. शेजारचे नमुने निरपेक्ष शून्याच्या वर पंचवीसेक अंशांना जे करत होते ते यानं पाच अंशांपर्यंत खाली नेलं तरी केलं नाही.

एस.टी.नं परत येताना वाशीच्या पुलापर्यंत मी कारण शोधून ठेवलं होतं. लँथॅनमची पांढरी भुकटी हवेतली ओल शोषते. म्हणून ती आधी भट्टीत सुकवायची आणि गरम असतानाच तोलायची, नाहीतर वजनात पाणीच येतं आणि प्रमाण चुकतं. पनवेलची हवा सगळ्यांना माहीत आहे. सुकवायचं काम कमळाकरकडे होतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला तेव्हा आठवली, पण ती मी त्याला लावली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा तो खल धूत होता. हात पुसून उभा राहिला.

“मॅडम, पावडर मी सुकवली हाय. गरम हाय तवाच तोलली.”

“मग नमुना खराब का आला?”

“ते मला नाय ठाव. पन ओल माज्या हाताला कळते. मिठात जनम गेला माजा.”

“चूक झाली तरी कबूल करायची नाही, ही तुम्हा लोकांची सवयच आहे.”

तुम्हा लोकांची. एवढे दोन शब्द मी आजही परत घ्यायला तयार आहे, पण घ्यायचे कुणाकडून? त्यानं खल कोरडा करून कपाटात ठेवला आणि गेला.

नमुना पुन्हा करता आला असता. पण पुढची पाळी चार महिन्यांनी होती आणि परिसंवादाला निबंध पाठवायची तारीख दहा दिवसांवर. क्ष-किरणांखाली त्या वडीत कसलीच भेसळ दिसली नव्हती, तेही मी बाजूला सारलं. आपला तो बाब्या, तशी ती टेकडी माझा बाब्या होती. चार बिंदूंवरून मी गुळगुळीत रेघ काढली आणि खाली लिहिलं, कच्चा माल दमट असल्याने एक नमुना वगळला आहे. महागडं रसायन वाया का गेलं म्हणून प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा लेखी तक्रारही दिली. कमळाकरच्या सेवापुस्तकात कामात हयगय असा शेरा पडला आणि त्याची बदली ऑफिसात झाली, घंटा द्यायला आणि मस्टर फिरवायला. पुढचे नमुने मी एकटीनं खलायला घेतले. मार्चपर्यंत मनगट गेलं आणि सगळं थांबलं.

१९८९च्या मे महिन्यात चारुताच्या संस्थेच्या ग्रंथालयात एका नियतकालिकाचा जुना अंक चाळत होते. परदेशातल्या लोकांनी हाच पदार्थ घेऊन बेरियमचं प्रमाण बारीक बारीक पायऱ्यांनी बदललं होतं. त्यांच्या टेकडीला माथ्यावर खड्डा होता. आठामागे एक बेरियम असलं की अतिवाहकता जवळजवळ नाहीशी होते, आणि ती खरोखरच नाहीशी होते, त्यात कुणाची चूक नसते. मी तो लेख तीनदा वाचला. आमची वडी त्यांच्या लेखाच्याही आधीची होती.

दुसऱ्या दिवशी कमळाकर व्हरांड्यात मस्टर घेऊन येताना दिसला. मी मुद्दाम त्याच्या वाटेत उभी राहिले. तो थांबला. मी म्हटलं, खडूची पेटी पाठवून द्या. त्यानं पाठवून दिली.

पुढे रोज उद्या सांगू म्हणत राहिले. आधी लाज होती, मग भीती, की शेऱ्याचं काय असं तो विचारेल. मग नुसती सवय झाली. तो नमस्कार करायचा, मी मान हलवायची. रविवारी कॉलेज बंद असायचं आणि मी घरी असायची. अशी सात वर्षं गेली. शेवटच्या वर्षी तो निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली.

१९९६च्या जूनमध्ये चारुतानं एका व्याख्यानाला बोलावलं. आता कारण सापडलं होतं. बरोबर त्या प्रमाणाला चुंबकांची थरथर थांबते. ते पट्ट्यापट्ट्यांनी रांगा धरून गोठतात, इलेक्ट्रॉनही त्यांच्या मधल्या ओळींत अडकतात, आणि अतिवाहकता मरते. व्याख्याता खड्ड्यावर काठी ठेवून म्हणाला, किती जणांनी हा बिंदू खराब नमुना म्हणून फेकून दिला असेल कोण जाणे. सभागृह हसलं. मीही हसले. हसून झाल्यावर शेजारी वळून पाहिलं, तर सांगावं असं तिथे कुणी नव्हतं. चारुता पुढच्या रांगेत होती, पण तिला सांगून काय होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पळस्प्याला उतरून रिक्षानं त्याच्या गावाला गेले. कमळाकर ओटीवर तांदूळ निवडत बसला होता. सखूबाईनं पाणी आणलं. मी पाणी न पिताच सांगितलं, की तो तिसरा नमुना बरोबर होता, भुकटी सुकी होती, चूक माझी होती.

“मला ठाव हाय,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “तुमाला कधी कळलं?”

काल, असं म्हणता आलं असतं. व्याख्यान कालच झालं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही होता.

“सात वर्षं झाली.”

सखूबाई दारात होती, ती आत गेली. कमळाकर माझ्याकडे न बघता बोलला, “मंग आता कशाला आलाव?”

शेरा काढून टाकण्यासाठी अर्ज लिहून आणलाय, माफी मागायला आलेय, असं बरंच काही बसमध्ये ठरवलं होतं. पण खरं निघालं ते वेगळंच. “त्या नमुन्याचं कारण काल कळलं. ते सांगायला मला दुसरं कोणी नाही.”

तो मग म्हणाला, सांगा. मी सांगितलं. चुंबक रांगा कशा धरतात, ते ओटीवरच्या तांदळाच्या दाण्यांनी मांडून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, दोन दाणे सरकवून पाहिले आणि विचारलं, नऊमागे एक घातलं तर थरथर परत सुरू होते का? मी म्हटलं, होते. त्यानं मान हलवली. पूर्वी भट्टीशेजारी हलवायचा तशीच. क्षणभर मला वाटलं, झालं, सगळं मिटलं.

अर्ज मी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो न वाचता घडी घालून माझ्या हातात परत दिला. चहा आला, तो प्याले. ऊन चढलं तशी उठले आणि म्हटलं, “येते.”

येते म्हणणाऱ्याला कुणीही या म्हणतं. दारावर आलेल्या अनोळखी माणसालाही म्हणतं. मी चपला घातल्या, पायरी उतरले, अंगणात उगीच थोडी थांबले.

“बरं,” कमळाकर म्हणाला, आणि दाणे गोळा करायला लागला.