काकूंनी पुसलेली वाक्यं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. पडद्यावर उरलेलं सगळे वाचतात. पुसलेलं मात्र मला एकट्याला ठाऊक असतं.

कारखान्यातून निघालो तो थेट एका कचेरीत आलो. काकू तिथे टंकलेखिका होत्या. साहेब येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे आणि काकू खिडकीबाहेर बघत टाइप करायच्या. त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत, पडद्याकडेही नाही. कानात शिरलेलं वाक्य थेट बोटांतून उतरायचं. साहेबांचं बोलणं थांबलं की एंटर.

"काकू म्हणजे मशीन आहेत, मशीन!" सगळे म्हणायचे.

मला राग यायचा. मशीन तर मी होतो!

काकू निवृत्त झाल्या, तेव्हा कचेरीत नवे कीबोर्ड आले. काकूंनी मला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं आणि कपाटावर ठेवलं. तिथे धूळ खात पडलो. मला वाटलं, संपलं आता.

मग तळ्याचा प्रश्न आला.

गल्लीमागचं तळं बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असा पालिकेचा विचार होता. रहिवाशांची मतं घ्यायला त्यांनी ऑनलाइन चर्चा सुरू केली. काकूंनी मला खाली काढलं, फडक्यानं पुसलं, जोडलं.

पुसलेलं: मला असं वाटतं की

पुसलेलं: मी काही यातली जाणकार नाही, पण

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. स्वतःचं एक सुचेना.

चर्चेत तळ्याच्या बाजूनं एकटा कोपऱ्यावरचा औषधवाला भांडत होता. बगळ्यांचे फोटो टाकायचा. कुणी खवचट बोललं तरी नीट उत्तर द्यायचा. त्याला निदान पाठिंबा तरी द्यावा, म्हणून काकूंनी सुरुवात केली: 'औषधवाले भाऊ बरोबर बोलतात.'

तेवढ्यात मागे काकांनी पेपर झटकला. "बोलणारच! डास वाढले की त्याचाच गल्ला भरतो!"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. बोटं चालत राहिली. काका थांबले.

एंटर.

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. 'काकूंनी षटकार मारला!' 'आता कळलं तळं कुणाला हवंय!'

"अगं बाई! हे मी लिहिलं?" काकू पुटपुटल्या. "अहो, तुमच्यामुळे झालं हे!"

"मी काय केलं? मी पेपरशी बोलत होतो. पुसून टाक. लोक विसरतात."

काकूंनी पुसलं. पण औषधवाल्यानं ते वाचलं होतं. त्याचे फोटो यायचे बंद झाले. आता चर्चेत एकच सूर उरला: बुजवा, बुजवा. आणि चर्चा संपत आली होती.

पुसलेलं: भाऊ, गैरसमज झाला.

पुसलेलं: ते आमच्या ह्यांचं बोलणं होतं.

"ह्यांना कशाला मध्ये आणतेस?" काका मागून म्हणाले. "मी सांगतो तसं लिही. नजरचुकीने झालेल्या..."

काकूंनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. काका सांगत राहिले. कुणीतरी मजकूर सांगतंय आणि मी गप्प आहे, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

काका दमून चहा टाकायला गेले. मग काकूंनी लिहिलं. पडद्याकडे बघत, अडखळत, नवशिक्यासारखं.

'भाऊ, ते वाक्य माझं नव्हतं, पण पाठवलं मी. सगळ्यांसमोर माफी मागते. तळं राहावं असं मला वाटतं. संध्याकाळी मी तिथे बसते. डास चावतात. तरी बसते.'

पुसलेलं: काही नाही.

मग औषधवाला उगवला. 'काकू, वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? डासांचं मलम घेऊन येतो संध्याकाळी. फुकट. नाहीतर गल्ल्याचा हिशोब निघेल!'

त्याखाली शिवणकाम करणाऱ्या ताईंनी लिहिलं, 'मीही बसते तिथे कधीकधी.' एवढ्या दिवसांत त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मग आणखी कुणीतरी लिहिलं. मग आणखी कुणीतरी.

तळ्याचं काय होणार, ते अजून ठरायचं आहे.

मित्रांनो, आमच्यावर चहा सांडू नका, आम्हाला धुळीत टाकू नका, हे तर मागतोच. पण चर्चेत उतराल तेव्हा एंटर दाबण्याआधी क्षणभर थांबा. हे वाक्य आपलं आहे की नुसतं कानावर पडलेलं, ते स्वतःला विचारा. आपलं असेल, तर ते साधंसुधं असलं तरी पाठवा. त्याच्या खाली लिहायला कुणीतरी थांबलेलं असतं.