सतरावा ठोका

"आणखी एक टाका, ताई."

"नियम सहाचा आहे, साहेब. सहा झाले."

रस्त्याच्या साइटवर सगळे तिला ठोकेताई म्हणत. जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी थाळी मातीवर ठेवायची, तिच्या दांड्यावरचं दहा किलोचं वजन वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. थाळी किती दबली ते शेजारच्या डबीवर उमटतं. पहिले तीन ठोके थाळी नीट बसण्यासाठी. ते धरायचे नाहीत. पुढच्या तीन ठोक्यांची सरासरी काढायची. बावीस वर्षं ती हेच करत होती. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

आजची जागा नव्या पुलाच्या भिंतीलगतची, भरावाची. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत दबलेलं चालतं. डबीवर पॉइंट ब्याण्णव आलं होतं.

"या कोपऱ्यात रोलर पोचतच नाही," रोलरवाले मामा म्हणाले. "भिंतीला घासतो. छोटा मागितलाय महिन्यापूर्वी. निघाला म्हणाले. चालत येत असेल."

साइटचे इंजिनिअर साहेब हसले नाहीत. "उद्या खडी पडणार आहे. ताई, थाळी हलवू नका. तिथंच ठोकत राहा, येईल आकडा."

"येईल ना. पण तो थाळीखालच्या मातीचा. गाड्या काय थाळीवरून जाणार आहेत?"

"यंत्राला कुठे कळतंय ते?"

"मला कळतंय."

तिने आवाज चढवला नाही, पण तिचे कान तापले होते. हा रस्ता झाला की याच वाटेने तिला आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं होतं. सध्याचा तासाभराचा वळसा आईला सोसत नव्हता. रोज संध्याकाळी ती विचारायची, "तुझा रस्ता झाला का गं?"

साहेबांनी बाह्या सरसावून वजन स्वतःच उचललं. सात. आठ. नऊ. ठोकेताई शेजारी उभी राहून मोठ्याने मोजत होती. चौदाव्याला साहेबांना धाप लागली. सतराव्याला डबीवर पॉइंट अठ्ठेचाळीस उमटलं.

"बघा. झालं की पास."

त्यांनी थाळी बाजूला केली. खाली मातीत एक स्वच्छ गोल खळगा पडला होता, साच्यातून काढल्यासारखा.

डबीतून चिठ्ठी निघाली. चाचणी करणार म्हणून तळाशी तिचं नाव छापलेलं. तिने पेन काढलं आणि आकड्याशेजारी लिहिलं: सतरावा ठोका. सात ते सतरा साहेबांनी टाकले. नियमाप्रमाणे निकाल ०.९२, नापास. खाली सही केली.

"हे कशाला आता?"

"मेहनत तुमची, साहेब. श्रेय मी कसं घेऊ?"

मामांनी तोंड फिरवून रोलरचा आरसा पुसायला घेतला.

आठवड्याने ऑफिसात तिने फाइल उघडली. चिठ्ठी नवी होती. आकडा तोच, पॉइंट अठ्ठेचाळीस, तळाशी तिचं नाव तसंच, शाईची ओळ मात्र गायब. आणि खाली तिची सही, जी तिने केलीच नव्हती. ती इतकी गोलाकार, देखणी होती की तिला त्या देखणेपणाचाच संताप आला. असं अक्षर तिने जन्मात काढलं नव्हतं.

तिने मोठ्या साहेबांकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली.

"बाई, मूठभर माती. किती मनाला लावून घ्याल?"

"माती सोडा, साहेब. सही माझी नाही."

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तिला प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडायला बसवलं होतं. कागदावर कारण लिहिलं होतं: खांद्याला आराम मिळावा म्हणून.

रस्ता सुरू झाला. पहिल्या महिन्यात आई बसच्या खिडकीशी बसून शेजारणीला सांगायची, "हा माझ्या लेकीचा रस्ता." सहाव्या महिन्यात पुलाच्या भिंतीपाशी डांबर चार बोटं खाली बसलं. बस तिथे दणकन आदळते, लोक ड्रायव्हरला बोल लावतात. "त्यांची काही चूक नाही," ठोकेताई प्रत्येक वेळी म्हणते. कोणी ऐकत नाही.

आई आता कोणाचा रस्ता ते सांगत नाही. पुलाची भिंत दिसली की सुया टोचलेला डावा हात उजव्या हाताने छातीशी धरते आणि डोळे मिटते. ठोकेताई तिच्या पाठीमागे आपला हात सरकवते.

"आलं हं," ती हळूच म्हणते.