भाऊजींचं प्रशिक्षण

धाकटे भाऊजी आपल्याच शाळेत शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला येणार, हे बाईंना सासूबाईंकडून कळलं. तेही अशा थाटात, जणू शाळेचं नशीबच उघडलं होतं.

"तुम्हा सगळ्यांना शिकवणार आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "नीट लक्ष दे हो."

बाई तिसरीला शिकवायच्या. डोक्यावरचे केस काळ्याचे पांढरे झाले, वर्ग तिसरीचाच राहिला. भाऊजींनीही कधीकाळी एका शाळेत शिकवलं होतं. शिकवलं म्हणायचं आपलं! पोरं बाकांवर चढायची आणि हे फळ्याला पाठ लावून उभे राहायचे. वर्ष संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली, कुठलीशी पदविका मिळवली आणि ज्यांना वर्ग सांभाळता येतो त्यांना तो कसा सांभाळावा हे सांगायचं काम पत्करलं. आता त्यांचा विषय होता एकात्म स्टेम. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित वेगवेगळे न शिकवता एकत्र गुंफून शिकवायचे. कल्पना काही वाईट नव्हती. ती भाऊजींच्या तोंडून ऐकावी लागणार होती, एवढंच वाईट होतं.

सभागृहात खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. गोलात बसलं की माणसं समान होतात, असं भाऊजींनी सांगितलं आणि स्वतः गोलाच्या मध्यभागी उभे राहिले. कोट नवा होता. कॉलरला लावलेला माइक उगाच होता, कारण आवाज मागच्या भिंतीपर्यंत आधीच पोचत होता. पडद्यावर चार रंगांचे चार गोल आले आणि सरकत सरकत एकमेकांत घुसले.

"काय दिसतंय?" भाऊजींनी विचारलं.

"गोल," चौथीच्या बाई म्हणाल्या.

"सुंदर! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मग प्रत्येक गटाला सरबत प्यायच्या नळ्या आणि चिकटपट्टी मिळाली. दोन टेबलांमधल्या फटीवर पूल बांधायचा आणि त्यावर खोडरबर ठेवत जायचे. एरवी पोरांना इंचभर हलू न देणाऱ्या सगळ्या शिक्षिका हसत-खिदळत कामाला लागल्या. पूल बांधले गेले, मोडले. एकही टिकला नाही. प्रत्येक पूल कोसळला की भाऊजी आनंदाने म्हणायचे, "अपयश साजरं करा!"

"का मोडला ते सांगा ना," बाई म्हणाल्या.

"मॅडम, प्रक्रिया महत्त्वाची. उत्तर चूक की बरोबर हा विचारच जुना झाला."

घरात 'वहिनी, जरा चहा टाका' म्हणणारा माणूस आपल्याला मॅडम म्हणतो, याने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी बसलेल्या चौथीच्या बाईंना त्या कुजबुजल्या, "याला स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नाही. अजूनही थोरला भाऊ बसवून देतो."

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. बाईंच्याच वर्गातली मुलं सभागृहात आणून बसवली. भाऊजींनी त्यांच्या डोक्यावर 'अभियंता' लिहिलेल्या कागदी टोप्या घातल्या, तशी निम्मी मुलं टोप्यांची अदलाबदल करण्यातच गुंगली. उरलेल्यांनी पूल बांधला. खोडरबर चढत गेले आणि पूल मधोमध वाकून खाली आला.

"अपयश साजरं करा! टाळ्या!"

दोन वेण्या घातलेली एक मुलगी टाळ्या न वाजवता उठली. वर्गात तिला सगळे चिकट म्हणायचे, कारण एकदा प्रश्न धरला की ती सोडत नसे.

"खोडरबर तर कडेला ठेवले होते," ती म्हणाली. "मग पूल मधेच का मोडला?"

"फार छान प्रश्न!" भाऊजी म्हणाले. "हिच्यासाठी टाळ्या."

बाईंना राहवलं नाही. "भाऊजी, टाळ्या पुरे. तिला उत्तर द्या."

'भाऊजी' ऐकताच सभागृहात हशा पिकला. भाऊजींचे कान लाल झाले. "वहिनी, मग तुम्हीच द्या की," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

बाई ताडकन पुढे गेल्या. आता या शहाण्याला दाखवतेच, असं त्यांच्या मनात होतं. "हे बघा मुलांनो, पुलावरचं सगळं वजन मधे येतं. म्हणून पूल मधे मोडतो."

"पण वजन मधे नव्हतंच, बाई. कडेला होतं."

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की पुढचं वाक्य आपल्याकडे नाही. पुस्तकात पुलाचं चित्र होतं, चित्राखाली रिकाम्या जागा भरा होत्या. त्यापलीकडे त्या कधी गेल्याच नव्हत्या.

"खाली बस," त्या म्हणाल्या. "मोठ्यांच्या मधे बोलू नये."

मुलगी बसली. गोलात बसलेल्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. भाऊजी हसतमुखाने पुढे आले. "किती सुंदर चर्चा झाली! चला, चहा घेऊ." त्यांनी बाईंना वाचवलं होतं, आणि तेही नकळत. अशा माणसाने आपल्याला वाचवावं, ही गोष्ट बाईंना चहासोबत गिळता येईना.

संध्याकाळी भाऊजी जेवायला घरी आले. "वहिनींनी फार छान सहभाग घेतला," ते सासूबाईंना म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायलाही थोडी अक्कल लागते.

"पूल मधे का मोडला, भाऊजी?"

"तुम्ही अजून त्या पुलाशीच? अहो, पूल हे निमित्त."

जेवणं आटोपल्यावर बाईंनी प्रशिक्षणात उरलेल्या, पिशवीतून घरी आणलेल्या नळ्या काढल्या, दोन डबे समोरासमोर ठेवले आणि पूल बांधला. या वेळी त्यांनी खाली वाकून पुलाच्या पोटाकडे पाहिलं. एक नळी फटीला पुरत नव्हती म्हणून दोन नळ्या टोकाला टोक लावून जोडाव्या लागत होत्या, आणि तो सांधा नेमका मधे येत होता. वजन कुठेही ठेवा, पूल वाकला की खालच्या बाजूला ताण बसे आणि चिकटपट्टी तिथेच उघडे. त्यांनी सांधा कडेकडे सरकवला. पूल बराच जास्त वेळ टिकला. सासूबाई म्हणाल्या, "डबे खराब करू नकोस." भाऊजी सोफ्यावर मोबाइल बघत होते.

पुढच्या तासाला बाईंनी चिकटला पुढे बोलावलं. "त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून तुला गप्प केलं."

"आता येतं?" मुलीने विचारलं. दयामाया नाहीच.

"थोडं येतं. खाली वाक आणि पुलाच्या पोटाकडे बघ."

मुलांनी फट मोजली, नळ्या मोजल्या, सांधा कुठे येईल त्यावरून भांडणं केली. आवाज ऐकून मुख्याध्यापिका दारात आल्या. "हा कशाचा तास चाललाय? वेळापत्रकात भाषा आहे."

"भांडतायत ना," बाई म्हणाल्या. "भाषाच चाललीय."

महिन्याभराने भाऊजी पाहणीला आले. पाच मिनिटं बसले, पुलांसोबत स्वतःचे फोटो काढून घेतले आणि म्हणाले, "अगदी मी सांगितलं तसंच!" त्या रविवारी जेवताना त्यांनी प्रस्ताव मांडला. "वहिनी, पुढच्या प्रशिक्षणाला माझ्यासोबत या. सहप्रशिक्षक म्हणून."

"येते की," बाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही आठवडाभर माझी तिसरी सांभाळा."

भाऊजींचा घास हातातच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं.

"अगं, त्याला कुठला वेळ!" सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "एवढ्या लोकांना शिकवायचं असतं त्याला."

"खरंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भाऊजींना आग्रहाने आणखी वाढलं.