बैलाची भाकर

ठकूबाईने तांब्यातलं थंड पाणी तांदळाच्या पिठावर ओतलं आणि परात नवऱ्यापुढे सरकवली.

"घ्या. मळा आता."

रावजीने बाह्या वर सारल्या. पीठ मळलं, गोळा केला आणि परातीत ठेवून थापायला घेतला. वाटीएवढी होईपर्यंत भाकरी बरी होती. बशीएवढी झाली आणि तिच्या कडांना भेगा पडल्या. उचलून तव्यावर टाकायला गेला, तर अर्धी तव्यावर पडली आणि अर्धी परातीतच राहिली.

"हाताला वळणच नाय तुमच्या," ठकूबाई म्हणाली.

शेजारची दर्शना विरजण मागायला आली होती, ती दारातच थबकली. हिचं सगळं शिक्षण मोबाईलवर चालायचं. मेंदी, कुकरमधला केक, जुन्या साडीच्या पिशव्या, काय म्हणाल ते. तिला राहवलं नाही.

"काकी, अवो, आधी पाणी गरम..."

ठकूबाईने तिच्याकडे नुसतं बघितलं.

"तुझ्या घरात कुकर शिट्टी देतोय बघ."

दर्शनाच्या घरात कुकर लावलेलाच नव्हता. पण त्या नजरेपुढे ती विरजण न घेताच परत गेली.

तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं लागतं, हे सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. ठकूबाईला तर ते असं ठाऊक होतं, की मेल्यावरही विसरली नसती.

रावजी दिवाळीला मुंबईहून कायमचा परत आला होता. चौतीस वर्षं कंपनीत काढली, असं गाव म्हणायचं आणि तोही म्हणायचा. या चौतीस वर्षांत तो गणपतीला आठ दिवस आणि शिमग्याला पाच दिवस घरी येई. तेवढ्यात एक मुलगी झाली. ती वाढली आणि महाडला सासरी गेली, ते ठकूबाईने एकटीने निभावलं. घर, शेत, बैलजोडी आणि सासूही तिनेच ओढली. आता सासू गेली होती, बैल विकले होते, शेत वाट्याने दिलं होतं. सगळं आटोपल्यावर हा माणूस ओटीवर पाय सोडून बसायला आला होता. पंधरा दिवसांत त्यालाच त्याचा कंटाळा आला.

"मला घरातलं कायतरी शिकव गो," तो एकदा म्हणाला. "बसून अंग आंबलं."

हे ऐकून ठकूबाईला इतका आनंद झाला, की तो लपवायला तिला गोठ्यात जावं लागलं.

तिने शिकवलं. नाही असं कुणी म्हणू नये. बटण लावायला शिकवलं, फक्त शेवटी दोऱ्याला गाठ मारायची असते हे सांगितलं नाही. पोलादपूरच्या बाजारात ऐन गर्दीत सदऱ्याची दोन बटणं गळाली आणि रावजी पोट धरून घरी आला. लिंबाचं लोणचं घालायला शिकवलं, पण लिंबं पुसून कोरडी करायची असतात हे गिळलं. आठ दिवसांत बरणीवर पांढरी दाढी उगवली. म्हशीची धार काढायला बसवलं, पण आधी रेडकू लावायचं असतं हे राखून ठेवलं. म्हशीने लाथ मारली तेव्हा ठकूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. प्रत्येक विद्येतली एक गोष्ट राखून ठेवायची, बस. बाकी सगळं खरं शिकवायचं.

ही रीत तिने सासूकडून घेतली होती.

ठकूबाई कशेडीच्या अंगाला असलेल्या डोंगरवाडीतली. माहेरी रोज नाचणी. नाचणीची भाकरी ती डोळे मिटून करायची, पण तांदूळ तिच्या हाताला माहीत नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला तिच्या सासूने, बनुबाईने, तिच्यापुढे तांदळाचं पीठ ठेवलं, शेजारी गार पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाकी काही न बोलता ती पालखीच्या तयारीला निघून गेली. ओटीवर रावजीचे मुंबईचे दोस्त जेवायला बसले होते. पहिली भाकरी मोडली. रावजीने ताट पुढे ढकललं.

"ही बैलाला घाल."

दोस्त हसले. दुसरी मोडली, तीही बैलाला. तिसरीला तर कुणी हसलंही नाही, सगळे ताटात बघत राहिले. मग बनुबाई आली, तिने पाणी उकळलं आणि टम्म फुगलेली भाकरी मुलाच्या ताटात टाकली. ती खाता खाता रावजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला काय येतंय? हिला मुंबईला नेऊन मी करू काय? साधी भाकर येत नाय."

त्या तीन भाकऱ्या बैलाकडे गेल्याच नाहीत. घरात इतर काही उरलं नव्हतं. चुलीमागच्या कोपऱ्यात, ओटीवरून दिसत नाही अशा जागी बसून ठकूबाईने त्या मिठाशी खाल्ल्या. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, मुलीलाही नाही. चौथ्या दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर ती त्याला सोडायला गेली होती. गाडी हलायच्या आधी तिने विचारलं होतं, "मी किती दिस ऱ्हाऊ इकडं?"

"मी सांगन तवर," रावजी खिडकीतून म्हणाला होता.

पुढे त्याने काही सांगितलं नाही. एका भाकरीपायी तिचा जन्म इकडे गेला आणि त्याचा तिकडे, असा हिशोब ठकूबाईच्या मनात इतकी वर्षं पक्का होता. उकड तिच्या हातात पुढे पहिल्या पावसाळ्यात बसली. मग ती अशी भाकरी करायला लागली, की गावात लग्नकार्य असलं तर आधी तिला बोलावणं यायचं. रावजीही शिमग्याला यायचा आणि गरम गरम खायचा. ती भाकरी चांगली झाली असं मात्र त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

आता पुन्हा शिमगा आला होता. शनिवारी पालखी घरी यायची होती. पालखी उठली, की रावजीचा दोस्त भिकाजी आणि मुंबईच्या खोलीतले बाकीचे जुने दोस्त जेवायला येणार होते. त्या वेळी हसले होते तेच हे. मुंबईत भायखळ्याला गावकीची एक खोली होती आणि हे सगळे तिथे एकत्र राहत. ठकूबाईने दिवस बरोबर निवडला होता. बायकोची भाकरी मोडते तेव्हा माणसं हसतात, मग नवऱ्याची मोडली तर हसायला काय हरकत आहे?

शनिवारी पालखी आली, अंगणात नाचली, नारळ झाले आणि पुढच्या घरी गेली. ढोलाचा आवाज वळणापलीकडे गेला तसे पाच जण हातपाय धुऊन माजघरात चुलीसमोर पंगतीला बसले. वालाचं बिरडं तयार होतं. दर्शना वाढायला आली होती. ठकूबाईने चूल पेटती ठेवली, पिठाची परात आणून चुलीपुढे ठेवली, तिच्याशेजारी गार पाण्याचा तांब्या ठेवला आणि पदर खोचून सगळ्यांपुढे उभी राहिली.

"आज भाकऱ्या हे करणार हायत," ती म्हणाली. "मी शिकवलंय."

कुणीतरी हसेल म्हणून ती थांबली. भिकाजीने मांडीवर थाप मारली.

"वा रे रावजी! म्हंजे आज खरं जेवण. वैनी, ह्याच्या हातची भाकर खाऊन किती वर्सं झाली ठावं हाय?"

"ह्यांच्या हातची?"

"मंग? आमी अठरा माणसं ह्याच्याच हातचं खाऊन जगलो. कंपनी बंद पडली, तवा ह्यानं खोलीतच खानावळ घातली. पहाटंला उठून साठ साठ भाकऱ्या. आमची बटणंसुदीक हाच लावून द्यायचा." भिकाजीने बाकीच्यांकडे बघितलं. "तुमाला सांगितला नाय काय ह्यानं?"

रावजी चुलीकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

ठकूबाईचा पदर तसाच खोचलेला राहिला.

"कंपनी कवा बंद पडली?" तिने विचारलं.

"कवा म्हंजे... तुमच्या लग्नाच्या आदीचा गणपती. मंग बायकूला आणणार कुठं? अठरा माणसांच्या खोलीत? आमी बोलायचो त्याला, सांग घरी. तर लाजायचा. आता खानावळवाला म्हणून गावात..."

एवढं बोलल्यावर भिकाजीला बाईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी दिसलं आणि तो गप्प झाला. दर्शना बिरड्याचं पातेलं हातात धरून तशीच उभी होती.

लग्नाच्या आधीचा गणपती. म्हणजे त्या शिमग्याच्याही आधी. ठकूबाईच्या डोक्यात गोष्टी एकामागून एक जागेवर बसत गेल्या आणि प्रत्येक बसताना टोचली. तिची भाकरी मोडली म्हणून ती इकडे राहिली नव्हती. तिची भाकरी मोडावी अशी त्याला गरजच होती.

"त्या शिमग्याला," ती नवऱ्याच्या पाठीकडे बघून म्हणाली, "गरम पाण्याचं तुमाला ठाऊक होतं?"

रावजीने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"होतं," तो म्हणाला.

मग त्याने गार पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. टोपात पाणी घेऊन चुलीवर चढवलं, चिमूटभर मीठ टाकलं, उकळी येईपर्यंत जाळ पुढे-मागे केला. पाण्यात पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने घोटलं, झाकण ठेवलं. सगळं न बघता. गरम उकड परातीत काढून त्याने हाताला पाणी लावलं आणि ती मळली तेव्हा बोटं भाजत असतील असं चेहऱ्यावर कुठेच दिसलं नाही. भाकरी त्याच्या तळव्याखाली आपोआप फिरत होती. हाताला वळण नाही म्हणे. चार महिने हा माणूस तिच्यापुढे बसून मुद्दाम भाकऱ्या मोडत होता. निदान भाकऱ्या आणि बटणं तरी. म्हशीची लाथ तेवढी खरी असावी.

का मोडत होता, हे तिने विचारलं नाही. त्याला जे काही फेडायचं असेल ते त्याने स्वतः ठरवून स्वस्तात फेडावं, हे तिला मान्य नव्हतं.

तिने एक रिकामं ताट घेतलं, पाट ओढला आणि पंगतीत, भिकाजीच्या शेजारी जाऊन बसली. घरातली बाई पुरुषांच्या पंगतीत बसलेली त्या माजघराने आजवर बघितली नव्हती.

पहिली भाकरी फुगली. रावजीने ती दोस्तांना न देता तिच्या ताटात आणून ठेवली. ठकूबाईने पापुद्रा मोडला. आतून वाफ आली. एक घास खाल्ला. भाकरी मऊ होती, पातळ होती, कडेपर्यंत एकसारखी होती. खोटं कशाला बोला, तिच्या स्वतःच्या भाकरीपेक्षा चांगली होती.

तिने ताट पुढे ढकललं.

"ही बैलाला घाला."

दर्शनाला हसू आलं आणि आलं तसं गेलं.

"वैनी," भिकाजी हळूच म्हणाला, "गोठ्यात बैल कुठं हाय आता?"

रावजीने ती भाकरी उचलून घेतली. दुसरी आणली. तिच्यावर डाग पडायचा तेवढाच पडला होता. ठकूबाईने तिला हातही लावला नाही.

"हीपण."

तिसरीला भिकाजी आणि बाकीचे चौघे आपापल्या ताटांत बघत होते. त्यांनाही बहुतेक काहीतरी आठवलं असावं. "हीपण," ती म्हणाली.

रावजीने तिन्ही भाकऱ्या एकावर एक ठेवल्या. मग तो उठला आणि चुलीमागे गेला. त्याच कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसला. हात लांबवून त्याने मिठाचं भांडं जवळ ओढलं. बिरड्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिली भाकरी मोडून त्याने मिठाला लावली आणि खाली मान घालून खायला लागला.

ठकूबाईचा हात ताटावर थांबला. त्या कोपऱ्याचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मिठाचंही नाही.

म्हणजे त्या दिवशी त्याने बघितलंही होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने येऊ दिलं. ते धुराचं नव्हतं आणि दयेचं तर मुळीच नव्हतं. दर्शनाने तिच्या खांद्याला हात लावला, तो तिने बाजूला केला. चुलीमागचा माणूस शेवटचा तुकडा गिळेपर्यंत ती बसून राहिली. मग रिकामं ताट तिने पुन्हा पुढे सरकवलं.

"पीठ हाय अजून," ती म्हणाली.

रावजी भिंतीला धरून उठला. हात धुतले, चुलीपुढे येऊन बसला आणि पुढचा गोळा हातात घेतला.

"किती करू?" त्याने विचारलं.

"मी सांगन तवर."