हळू चालवणाऱ्याची झडप

कालपासून आमच्या रेनडियरच्या कळपाला चैन नव्हतं. गाभण माद्या चरता चरता मध्येच मान वर करायच्या आणि समुद्राच्या दिशेला तोंड करून उभ्या राहायच्या. त्या अशा उभ्या राहिल्या की आम्हां माणसांचंही कशात लक्ष लागत नाही. बांधलेली पोती सोडतो, पुन्हा बांधतो. वसंतात कळपानं समुद्राकडं निघायचं कधी हे आमच्यात माणूस ठरवत नाही. माद्या ठरवतात, आणि त्या काही आधी कळवत नाहीत.

सगळ्यांत जास्त येरझाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या, इस्सातच्या. हिवाळ्याच्या तोंडाला त्याच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या वर्षी कळपाबरोबर जायचं नाही, उघड्यावर झोपायचं नाही, मुकाट्यानं मोटारीनं समुद्रावर जायचं. इस्सातनं मान डोलावली होती. तो मान डोलावतो तेव्हा त्यानं काहीही ऐकलेलं नसतं, हे त्याची बायको इंगा लग्नाआधीपासून ओळखून आहे.

म्हणून इंगाची सगळी भिस्त त्याच्या बर्फावरच्या स्कूटरवर होती. ती बिघडली होती. हळू चालवली तर तक्रार नाही. जरा जोर दिला की घरघरायची आणि जागच्या जागी बसायची. "इंजिन गेलं," असं इंगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, आणि सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

मुलीनं, रिस्तेननं, तिच्या आनंदावर पाणी ओतलं.

"इंजिन कुठलं जातंय. पॉवर वॉल्व्ह चिकटलेत. बाबा हिवाळाभर कळपामागं मयताला चालल्यासारखी गाडी हाकतात. झडप उघडायची वेळच येत नाही, मग काजळी धरणारच."

"पेट्रोल वाचवत होतो," इस्सात म्हणाला. "ते तू नंतर कौतोकेइनो गावाला कुणाला भेटायला जाताना जाळलंस, ते विचारत नाही मी."

"विचारलंच की, बाबा."

रिस्तेननं झोपडीबाहेर एक कातडं अंथरलं आणि इंजिन उघडलं. क्लिप काढली, टोपण काढलं, स्प्रिंग काढली, दोन नट सोडवून झडप ओढून बाहेर घेतली. बोटभर लांबीची पोलादी पट्टी, पण तव्याच्या बुडासारखी काळी. दोन सिलिंडर, म्हणून अशा दोन. ती बर्च झाडाच्या काटकीनं काजळी खरवडू लागली. सुरीनं ओरखडे पडतात म्हणे. झडपेच्या डोक्यावर रबराचा छोटा भाता असतो. गाडी जोरात पळाली की धुराच्या दाबानं तो फुगतो, झडप वर उचलतो आणि इंजिन मोकळा श्वास घेतं.

इस्सात घंटेवाल्याकडं गेला. घंटेवाला म्हणजे गळ्यात घंटा बांधलेला आमचा माणसाळलेला रेनडियर; तो दोरीनं पुढं चालला की कळप त्याच्यामागं येतो. इस्सातची पाठ वळली तशी इंगा मुलीजवळ सरकली.

"एवढी काय घासतेस? राहू दे थोडी."

"थोडी म्हणजे किती, आई?"

"तो घरी बसेल इतकी."

"मग तूच सांग ना त्यांना."

"सांगितलं. त्यानं मान डोलावली."

रिस्तेन घासत राहिली, पण हात मंदावला.

दुसऱ्याची जनावरं किती, हे विचारणं आमच्यात असभ्य समजतात. मी कधी विचारत नाही. मनात मात्र सगळ्यांची मोजून ठेवते, आणि ही सवय जनावरांपाशी थांबत नाही. कातड्यावर दोन झडपा होत्या, दोन स्प्रिंगा, दोन टोपणं, दोन भाते. रिस्तेन काजळी पुसायचा बोळा धुवायला उठली आणि परत आली, तेवढ्यात भाता एकच उरला होता. इंगाचा हात खिशात होता.

मी इंगाकडं पाहिलं. तिनं आभाळाकडं पाहिलं.

तेवढ्यात, ऊन उतरता उतरता, घंटा वाजायला लागली. माद्या निघाल्या होत्या. पांढऱ्या उतारावर एक राखी रेघ हळूहळू लांब होत होती. इस्सात घंटेवाल्याला ओढत आला.

"लाव चटकन."

"एक भाता सापडत नाही," रिस्तेन गुडघ्यांवर बसून कातडं झटकत म्हणाली.

"तसंच लाव."

"थोडा धूर बाहेर फुंकेल. चालेल, पण जोर नाही यायचा."

"पुढं चालायला जोर कशाला पाहिजे? घंटेवाला मागं बांधायचा आणि त्याच्या चालीनं जायचं. त्याला भाता असला काय, नसला काय."

इंगाचा हात खिशातच राहिला. सगळा बेत भात्याबरोबर तिथं जाऊन बसला होता.

"मग ही घासाघाशी कशाला करून घेत होतास?" तिनं विचारलं.

"परत यायला."

"कुठून परत?"

"नदीपलीकडच्या चढणीवरून. हा दुसऱ्या कुणाच्या दोरीला लागत नाही, म्हणून तिथपर्यंत मी. पुढं कळप आपला आपण जातो, रिस्तेन बघेल. मी वळणार. पण सकाळी ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतं. त्याआधी गाडी पळवली नाही, तर वाटेत रुतून उघड्यावर बसेन. मग सांग तुझ्या डॉक्टरीणबाईला."

"हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू मला कुठं विचारलंस? तू डॉक्टरीणबाईला विचारलंस."

इंगानं भाता काढून मुलीच्या हातात ठेवला. "कुणाच्या पायाखाली येईल म्हणून उचलला होता," ती म्हणाली. हे कुणी खरं मानलं नाही, पण खोटं ठरवायलाही कुणाला वेळ नव्हता. रिस्तेननं तो नीट बसवला, क्लिप दाबली, इंजिनाची दोरी ओढली. थ्रॉटल पिळल्यावर इंजिन पहिल्यांदा घुमलं आणि मग असं चढत गेलं की घंटेवाला दोन पावलं मागं सरला.

मला वाटलं, मिटलं. पण इंगा माझ्याहून पक्की. ती स्कूटरमागच्या स्लेजकडं, सामानाच्या घसरगाडीकडं, गेली, दोर सोडला आणि सामान बर्फावर उतरवायला लागली. झोपायची दोन कातडी. घोंगडी. वाळलेल्या मांसाची पिशवी. किटली.

"हे काय चाललंय?" इस्सात म्हणाला.

"परत येणाऱ्याला झोपायला दोन कातडी कशाला लागतात?"

"असावीत जवळ."

"नसावीत."

तो कळपाकडं बघत उभा राहिला. रेघ पुढं सरकत होती.

"किटली तरी?"

"कॉफी घरी मिळेल. सकाळी."

इस्सातनं मोकळ्या स्लेजकडं पाहिलं, घंटेवाल्याची दोरी तिला बांधली आणि निघाला, रेनडियरच्या चालीनं. रिस्तेन तिच्या स्कूटरवर कळपाच्या मागं लागली. राखी रेघ इस्सातच्या मागं वळली आणि नदीच्या दिशेला उतरत गेली.

इंगा त्याच कातड्यांवर बसली.

"आत चल," मी म्हटलं. "सकाळपर्यंत काही यायचा नाही तो."

"माहीत आहे, वन्सं," ती म्हणाली, आणि नदीकडचा आवाज ऐकू यावा म्हणून कानावरची टोपी वर सरकवली.