कृष्णादाच्या कूपेची ठकठक

ऐक, तू नुसतं ऐक. मधी बोलू नको, चहा गार झाला तर होऊ दे, दुसरा सांगतो.

तुला कृष्णादाची गाडी म्हाईत हाय न्हवं? माझ्या थोरल्या भावानं तीन वर्षं घातली तिच्यात, उद्यमनगरातल्या शेडात. जुन्या मोटारीची चासी आन इंजिन, वरनं स्वतः ओतलेली फायबरची बॉडी. दोनच दारं, बुटकी, लालभडक. स्पोर्ट्स कूपे. कागलच्या उदयसिंहांनी बघितली, दोन चकरा मारल्या भोवतीनं, आन म्हणाले, "पेपरात काय येतंय बघू, मग ही माझी." ही विकली गेली असती की दुसरीचं काम निघालं असतं. न्हाय गेली तर दादानं शेड सोडायचं आन पुण्याला कंपनीत नोकरी धरायची. तितनं बोलावणं पण आलतं.

आन पेपरात काय आलं? रविवारच्या पुरवणीत अनुजा मॅडम गाड्यांवर लिहित्यात, त्यांनी चालवून बघितली. मला पाठच झालंय लेका. 'दिसायला देखणी, पण मागच्या सीटवर फक्त दप्तर बसेल. खड्डा लागला की कंबरेला कळतो. आणि प्रत्येक वळणावर मागून ठकठक येते. सांगाड्याची जोडणी सैल असावी.'

आता मला सांग, दोन दाराच्या गाडीत मागं काय वरात बसवायची हाय? खड्डा कंबरेला कळतो म्हणं. कळायलाच पायजे की, त्यालाच स्पोर्ट्स म्हणत्यात. मऊ पायजे तर घरात गादी हाय. हे सगळं मी सोडलं असतं बघ. पण ठकठक? दादानं एकेक जोड स्वतः वेल्डिंग केलाय. मी त्या गाडीतनं रंकाळ्याला कितीदा फिरून आलोय, मागनं हूं का चूं न्हाय.

मग माझ्या डोक्यात किडा शिरला. ही अनुजा मॅडम कुणाची भाची? बाळासोची. बाळासोचं काय हाय? कावळा नाक्याला गाड्यांचं शोरूम. आन उदयसिंह आधी गाडी कुणाकडं बघत होते? बाळासोकडं. लागली का टोटल? वर ही बाई गाडी एकटीच घेऊन गेलती. दादा शेजारी बसायला लागला तर त्याला खाली उतरवलं. का उतरवलं?

आमच्या आक्काला, म्हणजे आईला, हे आधीच कळलं होतं. चाचणीच्या आदल्या दिवशीच म्हणाली, "बाळासोची भाची व्हय? मग तिची नजर काय चांगली नसणार."

दादानं वाचलं, पेपर घडी करून ठेवला, गाडीवर ताडपत्री टाकली आन माळ्यावरनं बॅग काढली. त्याचं ते बॅग भरणं मला बघवंना. मी सरळ गेलो पेपरच्या ऑफिसाम्होरं, टपरीवर. सगळे तितंच चहाला असत्यात.

म्हटलं, "मॅडम, गाडी चालवली का मामाच्या शोरूममध्ये बसून लिहिलं?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "चालवली. एकटीनं. मालक शेजारी बसला की रेडिओसारखा बोलत राहतो, मग गाडीचं काही ऐकूच येत नाही."

"मग ठकठक कुणी ऐकली?"

"मी."

"आन ऐकायला कुणी सांगितली?"

एकजण फिस्सकन हसला. मॅडम न्हाय हसल्या. "मामांशी मी दिवाळीपासून बोललेले नाही. येत्या रविवारी परत चालवते. तुम्ही बसा शेजारी, फक्त तोंड बंद ठेवा. आवाज आला नाही तर तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहीन, की मी चुकले. आला तर?"

"आला तर हितंच येऊन सगळ्यांम्होरं कान धरतो," म्हटलं. वर उदयसिंहांनाबी सांगावा धाडला, तुमीबी या म्हणून. मी काय ऐकतोय व्हय.

शनवारी ताडपत्री काढली, गाडी धुतली, पेट्रोल टाकायला निघालो. पहिलं वळण. ठक. दुसरं वळण. ठकठक. पहिला संशय कुणावर? बाळासोवरच की. म्हटलं, माणूस घालून बोल्ट ढिला केला ह्यानं. रस्त्याच्या कडंला गाडी लावली, खाली पडलो, एकेक बोल्ट पान्यानं ओढून बघितला. सगळे घट्ट. मग मागची सीट उचलली. तिच्या मागं पोकळी हाय, वायरी जायला. आत हात घातला.

नारळ.

लाल फडक्यात बांधलेला. हळद, कुंकू, वर जोतिबाचा गुलाल. सुतळी सुटून मोकळा झालता आन वळण आलं की ह्या कडंचा त्या कडंला गडगडत होता.

घरी गेलो तर आक्का भाकरी थापत होती. म्हटलं, "हे काय?"

तिनं वळून बघितलं. "ते कशाला काढलंस? आधी परत ठेवून ये. चाचणीच्या सकाळी बसवलाय मी, त्या बाईची नजर लागू नये म्हणून."

"आक्का, अगं ह्याच्यामुळंच तर..."

"गाडी धडधाकट परत आली का न्हाय? मग? गाडीबाहेर ठेवू नको त्याला, ठेवलास तर खरंच कायतरी हुईल. आन दादाला बोलू नको. त्याला असलं खपत न्हाय."

आता मी असलं मानत न्हाय, तुला म्हाईत हाय. पण उद्या चाचणी, आन नारळ गाडीबाहेर ठेवायचा? माझी छाती हुईना. मग काय केलं, नारळ सॅकमध्ये घातला आन रविवारी सॅक पायाशी ठेवून गाडीत बसलो. गाडीतबी हाय, आन गडगडायचाबी न्हाय.

शेडाम्होरं ही गर्दी. उदयसिंह खुर्ची टाकून बसलेले. दादा त्यांच्याकडं बघतच नव्हता, उगंच हात पुसत होता. मॅडम बसल्या, गाडी काढली आन विद्यापीठाच्या रस्त्याला लागल्या. काय चालवती रे बाई. डावीकडं दाबली, उजवीकडं दाबली, मुद्दाम खड्ड्यात घातली. गाडी अशी चिकटून रस्त्याला. आवाज न्हाय. मी दोन टाचांत सॅक आवळून बसलेलो, पायाला मुंग्या आल्या.

परत येताना शेड लांबनं दिसायला लागलं, तशी त्यांनी एका झाडाखाली गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

मग म्हणाल्या, "गाडी चांगली आहे. तसं लिहीन. पण त्या दिवशी मला आवाज आला होता. मी खोटं लिहिलेलं नाही. आता माझे कान गेले म्हणायचे का?"

मी सॅक आनखी आवळली. तोंड बंद ठेवायचं ठरलंच होतं.

त्यांनी खाली बघितलं. "आणि ती सॅक एवढी का आवळून धरलीय तुम्ही?"

आता बघ. सांगितलं तर पुढच्या रविवारी पेपरात नारळ छापून येणार. सोमवारपास्नं गावभर गाडीचं नाव नारळगाडी. उदयसिंहांसारखा माणूस नारळगाडीत बसंल व्हय? आन दादा परत आक्काशी बोलंल? न्हाय सांगितलं, तर गाडी जाती, शेड ऱ्हातंय, दादा ऱ्हातोय. पण ती बाई खरं ऐकून खोटी ठरती, आन तेबी स्वतःच्या हातानं लिहून. टपरीवर तिला खोटी म्हणणारा मीच.

ती माझ्याकडं बघतीया. लांब शेडाम्होरं दादा उभा दिसतोय, ताडपत्री हातात धरून.

आता बोल. तू असतास त्या सीटवर, दोन पायांत नारळ धरून, तर तू काय केलं असतंस?