बिनकण्याच्या फळीवर

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. कशाचा, ते मात्र एवढ्यात विचारू नका. वीस वर्षं काचेच्या बरणीत बसून मी हाच विचार करतो आहे आणि माझं डोकं नुसतं भंजाळून गेलं आहे.

जन्माचं आठवतं ते एवढंच: चोळपुरमजवळच्या केळीच्या बागेतली ओली माती आणि मुंग्यांची चविष्ट अंडी. मी करंगळीहून बारीक, तपकिरी आणि चकचकीत होतो. डोळे म्हणजे दोन ठिपके. आपण कोण, हे तिथं कुणी कुणाला विचारत नसे. मग कुंभकोणमच्या एका शाळेनं फुलझाडांसाठी ती माती मागवली. मातीबरोबर मीही आलो, आणि फावड्याच्या एका घावात माझा जीव गेला.

जीवशास्त्राच्या शंकरनारायण सरांनी मला भिंगाखाली धरलं. खवले पाहिले, जीभ पाहिली. मग मला औषधाच्या पाण्यात बुडवून त्यांनी बरणीवर चिठ्ठी लावली, ‘साप’. कणा असलेल्या प्राण्यांच्या वरच्या फळीवर मला जागा मिळाली, तीही नागाशेजारी! मी मेलो होतो, पण खरं सांगतो, मला फार अभिमान वाटला.

तो अभिमान वर्षभरही टिकला नाही. आमच्याकडे आयुधपूजेला शाळेतली सगळी उपकरणं धुऊन पुसून त्यांना गंध-कुंकू लावतात. प्रयोगशाळेचे सेवक बालकृष्ण फार भाविक. त्यांनी आम्हा बरण्यांनाही चोळून न्हाऊ घातलं. त्यात माझी चिठ्ठी विरघळली. त्याच गडबडीत खालच्या फळीवरची गांडुळाची बरणी फुटली, पण तिची चिठ्ठी शाबूत राहिली. सरांची बदली झालेली. बालकृष्ण घाबरले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. पाय नाहीत, डोळे दिसत नाहीत. त्यांनी ती उरलेली चिठ्ठी मला चिकटवली, वर कुंकवाचं बोट टेकवलं आणि मला खाली ठेवून दिलं.

तेव्हापासून माझी शेजारीण जळू. मुलं यायची, वहीत माझं चित्र काढायची आणि खाली ‘गांडूळ’ लिहायची. सुरुवातीला मला राग यायचा. मग शंका यायला लागली. मला कणा आहे असं वाटत होतं, पण इतके लोक चुकतील कसे? बिनकण्याच्या फळीवर वर्षानुवर्षं राहिलं की स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो.

यंदा बारावीची सराव परीक्षा झाली. चिठ्ठ्या झाकून आम्हाला टेबलावर मांडलं होतं. गायत्री नावाच्या मुलीनं मला बराच वेळ पाहिलं आणि ‘साप’ असं लिहिलं. आता जीवशास्त्र शिकवणाऱ्या महालक्ष्मी टीचरनी तिला शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार. गायत्री संध्याकाळी बालकृष्णांकडे आली. दोघांच्याही घरी तंजावरची जुनी मराठी बोलतात.

“मामा, त्या बरणींत गांडूळ नव्हे. त्याला खवले आहेत. उद्यां खरें लिहूं, कीं चिठ्ठींतलें लिहूं?”

“चिठ्ठींतलेंच लिही, पोरी. मार्क हवेत कीं नको?”

“म्हणजे माझे डोळेच खोटे म्हणायचे?”

ती रडवेली होऊन निघाली. बालकृष्ण माझ्यासमोर उभे राहिले. खांद्यावरच्या फडक्यानं त्यांनी माझी स्वच्छ काच उगाच दोनदा पुसली. मग त्यांनी तिला हाक मारली, “थांब गे. चल, टीचरकडे जाऊं.”

टीचरशी ते तमिळमध्ये बोलले. “ही चिठ्ठी मी लावली, वीस वर्षांपूर्वी, घाबरून. शंकरनारायण सरांनी ह्याला साप म्हटलं होतं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही, टीचर.”

महालक्ष्मी टीचरनी मला भिंगाखाली धरलं. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात. माझ्या अंगावर खवले निघाले, आणि शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा. त्यांनी गायत्रीचं शून्य खोडलं. “चूक माझी. मीही चिठ्ठीच वाचत आले,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो एकदाचा! पण नवी चिठ्ठी त्यांनी पेन्सिलनं लिहिली. माझं शास्त्रीय नाव शास्त्रज्ञांनी मध्यंतरी बदललं म्हणे, पुन्हाही बदलेल. म्हणजे मी अजून पुरता ठरलोच नाही का? मला काही समजत नाही, मित्रांनो. पण एक मागणं आहे. कुणाला कुठल्याही फळीवर ठेवण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट बघा, आणि चुकलात तर बोला. आतला जीव वाट बघत असतो.

परवा आयुधपूजा झाली. बालकृष्णांनी मला वरच्या फळीवरून उतरवलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि चष्मा लावून माझी चिठ्ठी वाचली. मग कुंकवाचं बोट त्यांनी झाकणावर टेकवलं.